आधी तांबडं, मग हिरवं : प्रस्तावना

सप्टेंबर संपत आला की पिंपळे गुरव, नवी सांगवी, पिंपळे सौदागर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत फोनवर पिवळे डोंगर येऊन पडतात. मुलगा-सून नाहीतर मुलगी-जावई डेन्व्हरच्या बाजूला आयटीत असतात. शनिवारी पहाटे गाडी काढून ती मंडळी ‘फॉल कलर्स’ बघायला रॉकी पर्वतात जातात आणि संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर फोटोंचा ढीग लागतो. पांढरी खोडं, वर पिवळ्याधमक पानांचं छत, मागं निळंभोर आभाळ. इकडे आई चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघते आणि म्हणते, “आपल्याकडे नाही बाई असं काही.”

हे पुस्तक त्या एका वाक्याशी भांडायला लिहिलं आहे. वाक्य अर्धं खरं असल्यामुळे भांडण पुस्तकभर लांबलं.

फोटोतलं ते झाड म्हणजे ॲस्पेन. पॉप्लरच्या कुळातलं. उत्तर अमेरिकेत सगळ्यांत दूरवर पसरलेलं झाड म्हणून त्याची ख्याती आहे. कोलोरॅडोत ते साधारण दोन ते तीन हजार मीटर उंचीवर डोंगरउतार व्यापून असतं. तुलनेसाठी सांगायचं तर आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर संपतं आणि पुणं ५६० मीटरच्या आसपास आहे. ॲस्पेनचं पान छोटं, गोलसर. त्याची सगळी गंमत देठात आहे. देठ गोल नसून दोन्ही बाजूंनी चपटा असतो, आणि तोही पानाच्या पात्याला काटकोनात. त्यामुळे वाऱ्याची एवढीशी झुळूकही पानाला पुरते. शेजारचे स्प्रूस-पाइन शांत उभे असताना हे झाड एकटंच थरथरत असतं.

पण मला त्याच्या थरथरण्यापेक्षा त्याचं कुटुंब जास्त नवलाचं वाटतं. ॲस्पेन बियांपासून उगवतं, पण बहुतेक वेळा ते मुळांतून फुटवे काढत पसरतं. एका मुळाच्या जाळ्यातून शेकडो, हजारो खोडं वर येतात. ती दिसायला वेगवेगळी, पण मुळात सगळं एकच झाड. युटा राज्यात फिशलेक नावाच्या राष्ट्रीय वनात ‘पँडो’ नावाचं असं एक झाड आहे. क्षेत्र ४३ हेक्टर, खोडं सुमारे ४७ हजार, वजनाचा अंदाज सहा हजार टनांच्या घरात. वयाबद्दल शास्त्रज्ञांचे अंदाज इतके दूरदूर आहेत की एकही आकडा इथे द्यायचा मोह मी टाळतो. अलीकडे मात्र त्याची काळजी लागून राहिली आहे. कोवळे फुटवे हरणं आणि गुरं खाऊन टाकतात, म्हातारी खोडं पडतात आणि जागा भरून निघत नाही. म्हणून काही भागाला कुंपण घातलं आहे.

या एकमुळी पसाऱ्याचा रंगाशी थेट संबंध आहे. एका मुळाची सगळी खोडं जवळपास एकाच सुमारास पिवळी होतात, कारण त्यांचा पिंड एक. शेजारच्या दुसऱ्या मुळाची खोडं आठवडाभर आधी किंवा नंतर. काही कुळं पिवळ्यावर थांबतात, काही नारिंगीकडे, क्वचित लालसरपणाकडे झुकतात. म्हणून त्या फोटोंत डोंगरावर रंगांचे ठळक पट्टे दिसतात : इथपर्यंत पिवळा, इथून हिरवा, मग एकदम केशरी. फोटो काढणाऱ्याला ते सुंदर दिसतं. जाणकाराला तिथे एक झाड संपून दुसरं कुठे सुरू झालं ते दिसतं. पुढच्या वेळी ग्रुपवर फोटो आले की हे पट्टे शोधून बघा आणि मुलांना विचारा. बहुतेकांना माहीत नसतं.

आता रंग येतो कुठून, ते. पानातलं हरितद्रव्य सतत मोडत असतं आणि झाड ते सतत नव्यानं बनवत असतं. थंड प्रदेशात दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की झाड नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. बर्फाच्या तोंडावर पानं सांभाळणं त्याला परवडत नाही. पानातलं नत्र आणि इतर मौल्यवान माल तेवढा ते फांदीत, खोडात ओढून घेतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक कच्चा थर तयार करतं आणि पान सोडून देतं. या आवराआवरीत हिरवा रंग उतरतो आणि त्याच्याखाली आधीपासूनच असलेला पिवळा उघडा पडतो. म्हणजे ॲस्पेनचा पिवळा हा नवा लावलेला रंग नव्हे. तो उन्हाळाभर पानात होताच, हिरव्यानं झाकलेला. लालाची गोष्ट वेगळी. लाल रंग देणारं अँथोसायनिन बऱ्याच झाडांत ऐन पानगळीच्या वेळी नव्यानं तयार होतं. मरणाऱ्या पानावर झाड हा खर्च का करतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. विल्यम हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांनी २००१ मध्ये असं मांडलं की हा भडक रंग म्हणजे कीटकांना दिलेला इशारा : मी धडधाकट आहे, माझ्यावर अंडी घालू नका. दुसरा पक्ष म्हणतो, तसं काही नाही, आवराआवर चालू असताना पानाला ऊन लागू नये म्हणून धरलेला हा पडदा आहे. मला दुसरा पक्ष जास्त पटतो. का, ते पिंपळाच्या पालवीपाशी कळेल.

कारण आपल्याकडे लाल रंग पानाच्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला येतो. तिकडे मरताना, इकडे जन्मताना.

आपल्या झाडांवरचं संकट बर्फाचं नाही, तहानेचं आहे. पुणे परिसरात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो. लोणावळ्याच्या कड्यावर चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस पिंपरी-चिंचवडपर्यंत येता येता कित्येक पटींनी उतरतो, आणि त्याबरोबर पन्नास-साठ किलोमीटरांत जंगलाची जातच बदलते. माघात जमीन कोरडी पडते, झाडं पानं टाकतात. यात लक्ष वेधून घेणारा रंग क्वचितच असतो. साग तपकिरी होतो, ऐन मळकट पिवळा, बाकीची पानं धूळ खात गळतात. इथपर्यंत आईचं म्हणणं खरं आहे.

मग ऐन उन्हाच्या तडाख्यात, पावसाला अजून दोन-अडीच महिने असताना, या उघड्या झाडांना पालवी फुटते. आणि ती हिरवी नसते.

पिंपळे गुरवच्या नावात पिंपळ आहे की नाही, यावर गावात चहाच्या टपरीवर वाद घालणारे मिळतील. मी नावाच्या वाटेला जाणार नाही. झाड मात्र गावात आहे. देवळाच्या पारावर आहे, पवनेच्या काठानं दापोडीकडे जाताना आहे, आणि सोसायट्यांच्या ड्रेनेज पाइपांत, गच्चीच्या कठड्यांत, न सांगता आलेलं तर सगळीकडे आहे. फाल्गुन-चैत्रात या पिंपळाकडे मान वर करून बघा. पानं गळून गेल्यावर थोड्याच दिवसांत फांद्यांच्या टोकांना तांब्याच्या रंगाची, गुलाबी झाक असलेली, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं येतात. मऊ, लोंबणारी, उन्हात आरपार दिसणारी. सकाळी सूर्य झाडाच्या मागं असताना बघितलं तर पूर्ण झाड तांबूस उजळलेलं दिसतं. मग तो रंग पोपटी होतो, आणि पुढे नेहमीचा गडद हिरवा. हा सोहळा आठवडा-दहा दिवसांत उरकतो. जिजाऊ उद्यानात, म्हणजे आपल्या डायनासोर गार्डनला, पोरांना घेऊन जाणारे लोक वाटेत त्याच्याखालून जातात आणि बघत नाहीत, कारण रंग बघायला खूप लांब जावं लागतं अशी आपली समजूत आहे.

कोवळं पान लाल का? पान जन्मतं तेव्हा त्याच्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, पात्याची कातडी पातळ असते आणि वर एप्रिलचं ऊन असतं. अँथोसायनिन त्या उन्हाचा जास्तीचा मारा अडवतं. दुसरं कारण कीटकांचं. झाड या वयात पानात फारशी गुंतवणूकच करत नाही. पान पूर्ण पसरून कडक झालं की मग त्यात हरितद्रव्य आणि नत्र भरतं. तोवर कुणी खाल्लंच तर नुकसान थोडं. शिवाय पानं खाणाऱ्या बऱ्याच कीटकांना लाल रंग नीट दिसत नाही, असंही मानतात. आणि पालवी पावसाआधी का, पाऊस पडल्यावर का नाही? निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाईच्या जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी याचा अभ्यास केला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसतं की कोरड्या दिवसांत लवकर पालवलेल्या झाडांची पानं कीटकांनी कमी खाल्ली. पाऊस पडून किडे वाढतात तोवर ही पानं जून झालेली असतात. सगळ्यांच्या आधी जेवून उठणाऱ्या पाहुण्यासारखं हे झाडांचं गणित आहे.

ॲस्पेन आणि पिंपळ ही झाडं शास्त्रीय वर्गीकरणात एकमेकांच्या जवळपासही नाहीत. एक वाळुंजाच्या कुळातलं, दुसरं वडा-उंबराच्या. तरी पानाची थरथर दोघांत आहे. पिंपळाचा देठ चपटा नसतो, पण लांब आणि बारीक असतो, आणि त्याच्या टोकाला ते रुंद पान लटकलेलं असतं. त्यामुळे वाऱ्याचा मागमूस नसतानाही पिंपळ सळसळतो. हिमालयात पॉप्लरची एक स्थानिक जात आहे, तिला डोंगरी लोक ‘पहाडी पीपल’ म्हणतात. त्यांना साम्य दिसायला कुठल्या पुस्तकाची गरज लागली नाही. या थरथरीची दोन्हीकडे भीतीही बसली. आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो, म्हणून तिन्हीसांजेला त्याच्याखाली थांबायचं नाही. युरोपात अशी दंतकथा आहे की येशूचा क्रूस ॲस्पेनच्या लाकडाचा होता, म्हणून त्या झाडाच्या पानांना तेव्हापासून थरकाप सुटला आहे.

फरक आहे तो वेळापत्रकात. ॲस्पेनच्या डोंगराचे मोठमोठे पट्टे एका ठेक्यात पिवळे होतात. पिंपळ मात्र प्रत्येक आपल्या मर्जीचा. प्रत्येक झाड स्वतंत्र बीपासून आलेलं. बुलबुल, मैना, कोकीळ यांनी फळ खाऊन कुठेही टाकलेलं. म्हणून एकाच रस्त्यावर एक पिंपळ ठार बोडका, दुसरा तांबूस आणि तिसरा गेल्या वर्षीच्या हिरव्या पानांत आरामात उभा असं चित्र दिसतं. परदेशातल्या मंडळींना याची गंमत कमी वाटते. त्यांना अख्खा डोंगर एकदम हवा असतो. माझ्या मते आपली रीत बघणाऱ्याला जास्त सोयीची आहे. एका झाडाचे दिवस चुकले तर पुढच्या चौकातलं झाड अजून बाकी असतं.

पिंपळाचं सोन्याशी नातं सांगायचं तर आळंदीला जावं लागेल, आणि चाकणच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांना ती वाट रोजचीच. ज्ञानेश्वरांच्या समाधी मंदिरातल्या पिंपळाला सुवर्णपिंपळ म्हणतात. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला तेव्हा आई रुक्मिणीबाईंनी या पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या, अशी परंपरा सांगते. याच आवारात अजानवृक्षही आहे. दर्शनाच्या रांगेत उभं राहून वर बघायला वेळच वेळ असतो. तो कारणी लावावा.

पुस्तकात अर्थातच पिंपळाशिवाय इतर झाडं आहेत, आणि त्यांत माझा जीव जास्त जडला तो कुसुंबावर. याला कोशिंबही म्हणतात. मुळशी, ताम्हिणीच्या बाजूला किंवा कोकणात उतरणाऱ्या घाटांत फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादं झाड दुरून पेटल्यासारखं लाल दिसतं. लोक त्याला पळस किंवा पांगारा समजून पुढे जातात. जवळ गेलं की कळतं, फूल एकही नाही, ती सगळी पानं आहेत. या झाडावर पोसलेली लाख उत्तम समजतात, बियांचं तेल निघतं, सावली दाट. थंड देशातल्या मेपलच्या तोडीचा लाल हवा असेल तर महाराष्ट्रात कुसुंबाकडेच जावं लागतं. शहरात तो फार थोड्या ठिकाणी लावलेला आहे, याचं मला वाईट वाटतं. नर्सरीत विचारलं तर बहुतेक वेळा गुलमोहर पुढे करतात.

जुनं पान गळताना लाल करणारं झाडही आपल्याकडे आहे, आणि ते तर शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या फाटकाशी उभं असतं : देशी बदाम. थंडीत त्याची मोठी पानं एकेक करून शेंदरी, लाल, जांभळट होत गळतात. झाडूवाल्या मावशी वैतागतात, पण मत्स्यालय पाळणारे हीच वाळलेली पानं विकत घेऊन पाण्यात सोडतात. बदामावर एक छोटं प्रकरण आहे. तेवढ्यावरही आईचं वाक्य मोडून पडतं, पण एकट्या बदामाच्या जिवावर भांडण जिंकणं मला मंजूर नव्हतं.

आणि गवत. डोंगर सोनेरी बघायचाच असेल तर कोलोरॅडोच्या तोडीचं जे आपल्याकडे आहे ते झाडांत नाही, गवतात आहे. पाऊस थांबल्यावर दिवाळीच्या आगेमागे भंडारा डोंगर, घोरावडेश्वर, देहूरोडच्या टेकड्या बघा. कुसळी, मारवेल आणि इतर गवतं पिकून पिवळी, तांबूस, मधाच्या रंगाची होतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पूर्ण उतार हलतो. परत आल्यावर मोज्यांतून कुसळं काढत बसावं लागतं, ती त्याची किंमत. तुकोबा ज्या भंडाऱ्यावर जाऊन बसत तो डोंगर याच दिवसांत चढावा, असं माझं मत आहे. त्यापुढे मात्र वणवे सुरू होतात. ॲस्पेनला आग मानवते. वरची खोडं जळाली की मुळं जोमानं फुटवे काढतात. आपल्या टेकड्यांवर लावलेल्या वणव्यात लोकांनी श्रमदानानं जगवलेली रोपं मरतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. ‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं’ ही समजूत अजूनही टेकड्यांवर रोपांचा बळी घेते आहे.

पांढऱ्या खोडासाठी हळहळणाऱ्यांकरता कांडोळाचं प्रकरण आहे. पांढरुखही म्हणतात त्याला. कोरड्या डोंगरउतारांवर, खडकाला धरून उभं असतं. हिवाळ्यात पानं गेली की त्याचं गुळगुळीत पांढरं खोड चांदण्यात असं दिसतं की त्याला भुताचं झाड का म्हणतात ते विचारावं लागत नाही. याचाच डिंक ‘कराया’ म्हणून विकला जातो, आणि तो मिळवण्यासाठी घातलेल्या बेसुमार घावांनी अनेक ठिकाणी ही झाडं संपली.

हे सगळं पाहणारा मी काही पहिला नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. सह्याद्रीतल्या वनस्पतींवर लिहिणाऱ्याला आजही तो उघडावा लागतो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. पालवीकडे फुलाइतक्याच आदरानं बघायला मराठी वाचक तिथे शिकला. डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या ‘वृक्षगान’नं शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांना मराठीत घर दिलं. माझं पुस्तक या थोरांच्या शेजारी ठेवण्यासारखं नाही. त्यात एकच गोष्ट निराळी आहे : ते फक्त पानांबद्दल आहे. फुलांना मी जाणूनबुजून बाजूला ठेवलं, त्यामुळे पळस, पांगारा, सावर, बहावा यांचे चाहते नाराज होतील. त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे.

आणखी एक खुलासा. पिंपरी-चिंचवडची झाडं म्हटलं की लोकांना कारखान्यांची आवारं आठवतात. टेल्कोच्या आवारात सुमंत मुळगावकरांनी लावलेली झाडी आणि केलेलं तळं, एच.ए.च्या, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या, वसाहतीतले जुने वृक्ष. त्यांच्याबद्दल या पुस्तकात फारसं नाही. फाटकाच्या आत काय आहे ते आतल्यांनी लिहावं. मला रस्त्यावरून, बसच्या खिडकीतून, गच्चीवरून कुणालाही दिसणारी झाडं हवी होती.

त्या गच्चीवरच्या पिंपळाबद्दल एक विनंती. भिंतीत रुजलेलं रोप इमारतीला धोका आहे, ते काढावंच लागतं. पण ते उपटून कचऱ्यात टाकायची गरज नाही. रोप लहान असताना, पावसाळ्याच्या तोंडावर, मुळाला धक्का न लावता काढून कुंडीत धरलं तर सहसा जगतं, आणि पुढच्या वर्षी नदीकाठच्या मोकळ्या जागेत लावता येतं. इमारतीपासून लांब, हे सांगायला नको. मोठ्या झाडाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. पारावरचे बहुतेक पिंपळ त्यात सहज बसतील. रस्तारुंदीच्या वेळी हे आठवणीत असू द्या.

शेवटी वाचकांकडून एक काम हवं आहे. कुठल्या गल्लीतल्या पिंपळाला कधी तांबडी पालवी आली, याच्या तारखा कुणी लिहून ठेवत नाही. उन्हाळे लवकर येऊ लागले आहेत असं सगळेच म्हणतात. पण या गावापुरतं ते खरं की खोटं हे तपासायचं तर अशी नोंद लागेल. ‘सीझनवॉच’ नावाच्या देशव्यापी उपक्रमात कुणालाही घराजवळचं एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची नोंद करता येते : पानं कोवळी की जून, फूल आहे की फळ. शाळेतली मुलंही हे करतात. एक झाड निवडा. पिंपळ असेल तर उत्तम, बदाम असेल तरी चालेल. फाल्गुन लागायच्या आत सुरुवात करा, आणि फोटो काढलात तर त्याखाली तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नका.